महागड्या घड्याळावरचा बारीक डाग: दुर्लक्ष करावं, तक्रार करावी की जपून ठेवावा?

भारत आणि 'एफ्टा' गटातल्या चार देशांमधला व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिक्टेनस्टाइन हे ते चार देश. या करारानुसार स्विस घड्याळांवरचं सुमारे २० टक्क्यांचं आयात शुल्क सात वर्षांत टप्प्याटप्प्याने संपणार आहे. भारतीय ग्राहक त्याआधीच या बाजारात उतरला होता. २०२४ मध्ये स्वित्झर्लंडमधून भारतात २७ कोटी फ्रँकहून अधिक किमतीची घड्याळं आली. आधीच्या वर्षापेक्षा ही वाढ सुमारे २५ टक्क्यांची होती. त्याच वर्षी स्विस घड्याळांची जगभरातली एकूण निर्यात मात्र घटली होती.

ग्राहक वाढले की प्रश्नही वाढतात. समजा, एखाद्याने पाच लाख रुपयांचं घड्याळ घेतलं. घरी आणून उजेडात नीट पाहिलं, तर काचेच्या आत तबकडीवर धुळीचा एक कण दिसला. किंवा बारा वाजताची खूण किंचित तिरकी बसलेली दिसली. शोरूमला फोन केल्यावर उत्तर मिळालं, "याने वेळेवर काही परिणाम होत नाही." हे उत्तर खरं आहे. पण ते पुरेसं आहे का?

दुसरीकडे, लिलावांमध्ये उन्हाने तपकिरी पडलेली तबकडी असलेलं जुनं घड्याळ त्याच मॉडेलच्या स्वच्छ घड्याळापेक्षा महाग जातं. एकाच उद्योगात एक डाग तक्रारीचं कारण आणि दुसरा डाग किंमत वाढण्याचं कारण, हे कसं?

दोषांचे प्रकार किती?

घड्याळाच्या दिसण्यातले दोष साधारण तीन ठिकाणांहून येतात.

पहिला प्रकार कारखान्यातून येतो. काचेखाली अडकलेला धूलिकण, काट्याच्या टोकावर राहिलेला ओरखडा, अस्पष्ट छापलेलं अक्षर, तिरकी बसलेली तासाची खूण, किंवा काचेभोवतीचं फिरतं कडं (ज्याला बेझल म्हणतात) बारावर नेमकं न थांबणं, हे सगळे यात येतात.

दुसरा प्रकार वापरातून येतो. घड्याळाच्या स्टीलच्या केसवर आणि पट्ट्याच्या कडीवर टेबल, दार, लॅपटॉप यांच्या घासण्याने ओरखडे पडतात. आजच्या बहुतेक महागड्या घड्याळांची काच कृत्रिम नीलमण्याची असते. काठिण्याच्या मोह्स मापावर हिरा १० वर आणि ही काच ९ वर असते, त्यामुळे तिच्यावर सहसा चरा उमटत नाही. स्टील तिच्यापेक्षा बरंच मऊ असल्याने आधी तेच खराब दिसू लागतं.

तिसरा प्रकार काळाचा. रंग उडतो, वार्निश बदलतं, अंधारात चमकणारा पांढरा लेप पिवळसर होतो.

डाग केवढा आहे, हे ग्राहक आधी विचारतो. पण तो महत्त्वाचा आहे की नाही, हे बहुतेक वेळा तो कुठून आला यावर ठरतं.

वेळ बरोबर दाखवतं, मग तक्रार कशाची?

याचं उत्तर १९६९ मध्ये आहे. त्या वर्षी २५ डिसेंबरला टोकियोत सेकोने 'अ‍ॅस्ट्रॉन' हे क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीला आणलं. किंमत होती साडेचार लाख येन. बॅटरीवर चालणारं हे तंत्र पुढे झपाट्याने स्वस्त झालं आणि स्विस उद्योग कोसळला. १९७० च्या सुमारास तिथल्या घड्याळ उद्योगात सुमारे ९० हजार लोक होते. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ते ३० हजारांच्या आसपास उरले.

त्यानंतर जे स्विस ब्रँड टिकले, त्यांना अचूक वेळ हे एकमेव कारण सांगून घड्याळ विकणं शक्य नव्हतं. आकडेच पाहू. यांत्रिक घड्याळाला 'क्रोनोमीटर' हा किताब देणारी कॉस्क ही स्विस संस्था घड्याळाचं यंत्र १५ दिवस, पाच वेगवेगळ्या स्थितींमध्ये आणि तीन तापमानांना तपासते. त्यात दिवसाला सरासरी ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे एवढा फरक चालतो. साधं क्वार्ट्झ घड्याळ साधारण १५ सेकंद चुकतं, तेही महिन्याला.

म्हणजे वेळेच्या बाबतीत हजार-दोन हजारांचं घड्याळ पाच लाखांच्या घड्याळाला सहज मागे टाकतं. मग वरचे पैसे कशाचे? कारागिरीचे, धातूवर केलेल्या कामाचे, नावाचे आणि मागे सांगता येईल अशा परंपरेचे. जाहिरातीतही यंत्राच्या पट्ट्यांवरची नक्षी, आरशासारख्या घासलेल्या कडा आणि हाताने बसवलेल्या खुणा दाखवल्या जातात.

म्हणूनच "वेळेवर परिणाम होत नाही" हे उत्तर अपुरं ठरतं. ज्या वस्तूची किंमतच मुख्यतः तिच्या दिसण्याची आणि हातकामाची आहे, तिच्या दिसण्यातला दोष हा किरकोळ भागातला दोष राहत नाही. ग्राहकाने ज्यासाठी पैसे मोजले, त्यातच तो असतो.

पण पूर्ण निर्दोष घड्याळ असतं का?

भिंगाखाली पाहिलं तर नाही. हाताने घासलेल्या कडेवर दहापट मोठं करणारं भिंग धरलं की हाताच्या खुणा दिसतात. अनेक संग्राहक तर त्याच शोधतात, कारण यंत्राने कापलेली कड आणि माणसाने घासलेली कड त्यांवरूनच ओळखू येते.

जिनिव्हा प्रांताने १८८६ मध्ये कायदा करून 'जिनिव्हा सील' हा शिक्का सुरू केला. तो मिळवायचा तर यंत्राच्या भागांच्या कडा, स्क्रूची डोकी, सगळं ठरलेल्या पद्धतीने घासून-चमकवून द्यावं लागतं. पण हा शिक्का मोजक्याच घड्याळांना मिळतो. बाकी बाजारात वेळेसाठी जसा सेकंदांचा आकडा आहे, तसा "एवढी खूण तिरकी चालेल" असा ग्राहकाला दाखवता येणारा सर्वमान्य आकडा नाही. वादाची सुरुवात इथूनच होते.

त्यात मोबाइलच्या कॅमेऱ्याची भर पडली आहे. वाचनाच्या अंतरावरून, म्हणजे साधारण २५ सेंटिमीटरवरून, चांगल्या नजरेच्या माणसाला मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा तपशील जेमतेम दिसतो. मॅक्रो फोटोत तोच कण स्क्रीनभर पसरतो. मनगटावर कधीच न दिसणारी गोष्ट फोटोत एकदा दिसली, की पुढे नजर रोज तिथेच जाते.

तिरकी खूण कणापेक्षा जास्त का खटकते, यालाही कारण आहे. बारीक ठिपका ओळखण्यापेक्षा दोन रेषा एका ओळीत आहेत की नाहीत हे ओळखण्यात माणसाचा डोळा कितीतरी तरबेज असतो. पाणबुड्यांसाठीच्या घड्याळांचं उदाहरण घेऊ. त्यांचं बेझल अनेकदा १२० खटक्यांत पूर्ण फिरतं, म्हणजे एक खटका तीन अंशांचा. ते अर्ध्या खटक्याने चुकून बसवलेलं असेल, तर ४० मिलिमीटर व्यासाच्या घड्याळाच्या कडेला अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडतो. वेळेच्या हिशेबात ही चूक फक्त १५ सेकंदांची आहे. डोळ्याला मात्र ती लगेच कळते.

त्यामुळे व्यवहारात एक साधी कसोटी वापरता येते. घड्याळ मनगटावर बांधून, नेहमीच्या उजेडात, वेळ पाहायच्या अंतरावरून दोष दिसतो का? दिसत असेल तर तो विक्रेत्याकडे न्यावा. तो दिसायला भिंग किंवा झूम लागत असेल, तर दुरुस्तीचा आग्रह धरण्यापूर्वी दोनदा विचार करावा. कारण एक धूलिकण काढायलाही केस उघडावी लागते. काटे काढून पुन्हा बसवताना नवा ओरखडा पडू शकतो आणि नंतर पाणी आत शिरत नाही ना, याची चाचणी पुन्हा करावी लागते. एका कणापायी धडधाकट घड्याळ उघडणं हा कधीकधी आगीतून फुफाट्यात जाण्याचा प्रकार ठरतो.

मग जुन्या घड्याळाचा डाग महाग कसा?

इथे डागाचं काम बदलतं. नव्या घड्याळातला दोष दिलेल्या शब्दात उणीव दाखवतो. जुन्या घड्याळातला दोष मात्र ते घड्याळ मूळ अवस्थेत असल्याचा पुरावा ठरू शकतो.

गेल्या शतकाच्या मध्यावर बनलेल्या काही काळ्या तबकड्या ऊन आणि दमट हवेमुळे तपकिरी झाल्या. संग्राहक त्यांना 'ट्रॉपिकल' म्हणतात. रोलेक्सच्या १९९० च्या दशकातल्या काही डेटोना घड्याळांत छोट्या तबकड्यांभोवतीची कडी तपकिरी पडली, कारण त्यांवरचं वार्निश पुरेसं संरक्षण देत नव्हतं. कारखान्याच्या दृष्टीने हा सरळ दोषच. पण अँटिकोरम या लिलाव संस्थेचे संस्थापक ओस्वाल्दो पात्रिझ्झी यांचं लक्ष तिकडे गेलं आणि आज ती तबकडी त्यांच्याच नावाने ओळखली जाते. तिला जास्त भाव मिळतो.

ओमेगाच्या जुन्या स्पीडमास्टरमध्ये तर एका ठिपक्याने फरक पडतो. बेझलवर ९० या आकड्याजवळचा ठिपका आकड्याच्या बाजूला नसून वर असेल, तर ते बेझल जुन्या काळातलं मानलं जातं आणि त्यासाठी वेगळे पैसे मोजले जातात.

या साऱ्यामागे दोन कारणं आहेत. एक म्हणजे दुर्मीळपणा. प्रत्येक तबकडी वेगळ्या तऱ्हेने उडते, त्यामुळे तशी दुसरी मिळत नाही. दुसरं कारण विश्वासाचं. साठ वर्षं जुनं घड्याळ आजच्यासारखं चकचकीत दिसत असेल, तर त्यातलं काय बदललं आहे, हा प्रश्न पडतोच. वयाच्या खुणा त्याचं काही प्रमाणात उत्तर देतात.

जुनेपणाला इतकी मागणी आहे, की काही कंपन्या आता नव्या घड्याळांवरच मुद्दाम पिवळसर, जुन्या वाटणाऱ्या रंगाचा चमकणारा लेप लावतात.

डागालाच भाव आला तर काय होतं?

नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हात फिलिप्स या लिलाव संस्थेने एक ओमेगा स्पीडमास्टर विकलं. हे मॉडेल १९५७ चं, म्हणजे पहिल्या पिढीचं, आणि तबकडी सुंदर तपकिरी पडलेली. अंदाजे किंमत ८० हजार ते १ लाख २० हजार फ्रँक धरली होती. बोली थांबली ३१ लाख फ्रँकच्या वर. ते खुद्द ओमेगाच्या संग्रहालयासाठी घेतलं गेलं होतं.

२०२३ मध्ये ओमेगाने जाहीर केलं, की हे घड्याळ वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जोडून बनवलेलं होतं आणि त्या व्यवहारात कंपनीच्याच माजी कर्मचाऱ्यांचा हात होता. अशा जोडघड्याळाला या क्षेत्रात 'फ्रँकनवॉच' म्हणतात. मेरी शेलीच्या 'फ्रँकेन्स्टाइन' कादंबरीवरून हे नाव पडलं आहे.

या प्रकरणाने दाखवलेली गोष्ट साधी आहे. डागाची किंमत तो खरा आहे यावर उभी असते, आणि खरेपणा नुसत्या डोळ्यांनी तपासता येत नाही. त्यासाठी कागदपत्रं, क्रमांकांच्या नोंदी आणि त्या नोंदी ठेवणाऱ्या लोकांवरचा विश्वास लागतो. इथे तर नोंदी ठेवणाऱ्या कंपनीच्या आतूनच विश्वासघात झाला, असं कंपनीचं म्हणणं आहे.

यात मुंबईचं नाव कुठून आलं?

बाजाराच्या दुसऱ्या टोकाला नेमका उलटा प्रकार चालतो. तिथे डाग बनवत नाहीत, पुसतात. जुन्या एचएमटी, फाव्हर-ल्युबा, वेस्ट एंड अशा घड्याळांच्या तबकड्या नव्याने रंगवून, कधी वेगवेगळे भाग जोडून, ती स्वस्तात ऑनलाइन विकली जातात. परदेशातले संग्राहक अशा घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात. हे नाव कौतुकाचं नाही. भडक रंगाची, एकही डाग नसलेली तबकडी आणि झिजलेली केस एकत्र दिसली, की जाणकार सावध होतात.

यात दोन बाजू आहेत. रंगवलेली तबकडी हा गुन्हा नाही. रोज वापरायला नीट दिसणारं, चालणारं घड्याळ कमी किमतीत हवं असेल, तर ते घेण्यात काही चूक नाही. चूक होते ती रंगवलेलं घड्याळ 'मूळ अवस्थेतलं' म्हणून विकलं जातं तेव्हा.

घरोघरच्या कपाटांसाठीही हा मुद्दा महत्त्वाचा आहे. एचएमटीने बेंगळुरूमध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने १९६१ पासून घड्याळं बनवायला सुरुवात केली आणि २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे आजोबांचं एचएमटी दुरुस्तीला देताना तबकडी रंगवून घ्यायची का, हे आधीच ठरवून स्पष्ट सांगितलेलं बरं. यंत्र स्वच्छ करून तेल घातल्याने मूळपण जात नाही. तबकडी रंगवली की मात्र जुनी छपाई कायमची जाते.

पॉलिशचंही तसंच आहे. पॉलिश म्हणजे धातूचा थर घासून काढणं. एकदोन वेळा नीट केलेलं चालून जातं, पण दरवेळी केसच्या तीक्ष्ण कडा थोड्या गोल होतात आणि काढलेला धातू सहज परत येत नाही. म्हणून जुन्या बाजारात ओरखडे असलेली, पण कधीच पॉलिश न झालेली केस जास्त पसंत केली जाते.

भारतीय कायदा काय म्हणतो?

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये 'दोष' या शब्दाची व्याख्या बरीच व्यापक आहे. कायद्याने, कराराने किंवा विक्रेत्याने केलेल्या दाव्यानुसार वस्तूचा जो दर्जा असायला हवा, त्यातली कोणतीही उणीव किंवा अपूर्णता दोष ठरू शकते. वस्तू चालते की बंद पडली, एवढ्यापुरती ही व्याख्या मर्यादित नाही. म्हणजे "घड्याळ चालतंय ना?" हे विक्रेत्याचं शेवटचं उत्तर असू शकत नाही. पण नुसत्या भिंगाखाली दिसणाऱ्या कणासाठी भरपाई मिळेलच, असाही याचा अर्थ होत नाही. दर्जाचा दावा काय होता आणि उणीव किती, हे दाखवावं लागतं.

तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते. मोजलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोगाकडे आणि त्याहून जास्त असेल तर राष्ट्रीय आयोगाकडे जावं लागतं. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. बिल आणि वॉरंटीची कागदपत्रं जपून ठेवणं अर्थातच गरजेचं. २२ एप्रिल २०२५ पासून १० लाखांपेक्षा महाग मनगटी घड्याळांवर विक्रेत्याला १ टक्का कर गोळा करावा लागतो. ही रक्कम पुढे प्राप्तिकरात वळती करून घेता येते, म्हणून त्याचीही नोंद ठेवावी.

वॉरंटीच्या बाबतीत एक फरक लक्षात घ्यावा. ती प्रामुख्याने यंत्रातल्या बिघाडासाठी असते. वापराने पडलेले ओरखडे त्यात सहसा बसत नाहीत. केसवरचा चरा आठवडाभराने दाखवला, तर तो शोरूममध्ये पडला की घरी, हे सिद्ध करणं जवळपास अशक्य. काचेच्या आतला कण किंवा तिरकी छपाई मात्र घड्याळ न उघडता ग्राहकाला करताच येत नाही. तो पुरावा आत बंदच राहतो. म्हणून बाहेरचा भाग घड्याळ ताब्यात घेतानाच, शोरूमच्या उजेडात, संरक्षक प्लास्टिक काढून पाहावा. आतला दोष नंतर दिसला तरी लगेच लेखी कळवावा.

जुनं घड्याळ घेताना प्रश्न उलटे विचारावेत. तबकडी मूळची आहे का? काटे बदललेत का? केस पॉलिश झाली आहे का? उत्तरं बिलावर लिहून मागावीत. हा बाजार आता मोठ्या कंपन्यांनाही खुणावतो आहे. रोलेक्सने डिसेंबर २०२२ मध्ये स्वतः तपासलेली वापरलेली घड्याळं अधिकृत विक्रेत्यांमार्फत, दोन वर्षांच्या हमीसह विकायला सुरुवात केली. जुन्या वस्तूत ग्राहक सर्वात आधी कुणाची तरी खात्री विकत घेतो, हे त्यातून दिसतं.

थोडक्यात, बारीक दोष महत्त्वाचा आहे का?

नव्या घड्याळात तो मनगटावर नुसत्या डोळ्यांनी दिसत असेल तर हो, आणि त्याबद्दल बोलायला संकोच वाटण्याचं कारण नाही. लाखो रुपये दिसण्यासाठी आणि कारागिरीसाठीच घेतले जातात. तो फक्त भिंगाखाली दिसत असेल, तर बहुधा नाही. हातकाम विकत घेतलं की हाताची खूणही सोबत येते. स्वतःच्या वापराने पडलेला ओरखडा हा तक्रारीचा विषय नाही आणि घाईने पॉलिश करण्याचाही नाही. जुन्या घड्याळात मात्र डागापेक्षा डागाचा अभाव जास्त तपासावा.

विक्रेता यातलं काय सांगतो आणि काय लपवतो, हे शेवटी निर्णायक ठरतं. सांगून विकलेला तपकिरी डाग, सांगून रंगवलेली तबकडी, सांगून केलेलं पॉलिश यांतलं काहीही ग्राहकाने विचार करून स्वीकारावं किंवा नाकारावं. तेच लपवून विकलं, तर डाग कितीही लहान असला तरी तो किरकोळ राहत नाही.